पोचा आलेल्या गाडीवर घरच्या घरी व्हिनाइल रॅप: नाशिकमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या नवरा-बायकोची नावं बदलली आहेत. बाकी घडलं तसं लिहितो आहे.

प्रशांत सातपूरला एका कारखान्यात मशीन ऑपरेटर आहे, मेघा घरी शिकवण्या घेते. राहायला इंदिरानगरला. त्यांची गाडी 2014 ची पांढरी हॅचबॅक, चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. मी अंबडला साइनेजचं काम करतो, म्हणजे दुकानांचे बोर्ड आणि डिलिव्हरी व्हॅनवरचे रॅप. रॅप म्हणजे पत्र्यावर चिकटवायची व्हिनाइलची रंगीत प्लास्टिक फिल्म. व्हिनाइल हाताळून सोळा वर्षं झाली, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मात्र बोलावलं ते पहिला प्रयत्न फसल्यावर.

सप्टेंबरात, टोमॅटोचा हंगाम ऐन भरात असताना, प्रशांत सासऱ्यांना आणायला पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला गेला होता. तिथे क्रेट भरलेली एक पिकअप मागे येताना गाडीच्या डाव्या अंगाला घासत गेली. पुढच्या दारावर नुसते ओरखडे उठले. मागच्या दाराला तळहाताएवढा पोचा आला आणि एके ठिकाणी रंग जाऊन पत्रा उघडा पडला. मागच्या चाकावरचा पत्रा आडवा चेपला. बंपरचा कोपराही खरवडला. पिकअपवाला सासऱ्यांच्याच गावचा निघाला, त्यामुळे भांडण वाढवलं नाही. गाडीला विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे स्वतःच्या नुकसानीचा क्लेम करायची सोयच नव्हती.

गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगचे एकवीस हजार सांगितले. घरात त्याच महिन्यात मुलीची फी भरायची होती. प्रशांतने मोबाइलवर रॅपचे व्हिडिओ पाहिले आणि ठरवलं की हे आपण घरी करायचं.

पहिला प्रयत्न

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आठ वाजता, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोघांनी काम सुरू केलं. ऑनलाइन मागवलेली ग्लॉस काळी फिल्म होती, बावीसशे रुपयांची. आदल्या दिवशी प्रशांतने पोच्यात आणि चेपलेल्या पत्र्यावर लांबी (खड्डा भरायची पुट्टी) भरून पॉलिश पेपरने घासून घेतली होती. तिच्यावर ना प्रायमर, ना रंग. लांबीवर थेट फिल्म.

नाशिकची डिसेंबरातली सकाळ कशी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. पारा दहाच्या आसपास. त्या थंडीत फिल्म ताठ होते, वळत नाही, आणि तिचा गोंद धड पकडत नाही. हेअर ड्रायरने गरम करत करत त्यांनी दुपारपर्यंत डावी बाजू झाकली. संध्याकाळी फोटो छान आला. आठव्या दिवशी चाकाच्या कमानीवरची कड सुटली. दहाव्या दिवशी मागच्या दारावर पोच्याच्या जागी फुगा आला. महिनाअखेरीला मेघाने मला फोन केला, "दादा, एकदा येऊन बघाल का? रोज सकाळी नवीन फुगा दिसतोय."

अडचण नेमकी कुठे होती

मी पाहिलं तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. त्या सुट्या करून पाहिल्याशिवाय पुढचा निर्णय घेता येणार नव्हता.

पहिली, फिल्मची जात. व्हिनाइल फिल्म मुख्यतः दोन प्रकारे बनते. कॅलेंडर्ड फिल्म रोलरमधून दाबून, ताणून काढतात. ती स्वस्त आणि जाड असते आणि सपाट बोर्डावर उत्तम चालते. पण तिच्यात तो ताण साठून राहतो, आणि ऊन लागलं की ती आक्रसून मूळ आकाराकडे जाऊ पाहते. कास्ट फिल्म द्रवरूपात ओतून भट्टीत सुकवतात. ती साधारण 50 मायक्रॉनची, पातळ, वळणावर मुकाट्याने बसणारी. गाडीच्या वळणांना कास्टच लागते. प्रशांतकडची कॅलेंडर्ड होती. कड चाकाच्या कमानीवरच आधी सुटली, कारण सगळ्यात जास्त ओढ तिथेच बसते.

दुसरी, खालचा पृष्ठभाग. लांबी सच्छिद्र असते. तिच्यावर गोंद चिकटतो तो वरच्या भुकटीला, लांबीला नाही. फुगा आलेल्या जागी मी फिल्म उचलली तर गोंदावर लांबीची गुलाबीसर पूड पिठासारखी चिकटून आली. बोट फिरवलं तर बोटही गुलाबी झालं. मेघाने ते पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे आपण पिठावर स्टिकर लावला." अगदी तसंच होतं.

तिसरी गोष्ट कुणाच्या ध्यानातही नव्हती. फिल्म काढताना ती पंचेचाळीस अंशांहून कमी कोनात, हीट गनने कोमट करत, सावकाश ओढत होतो. दारावरून नीट निघाली. मागच्या चाकावरच्या पत्र्यावर आलो आणि फिल्मबरोबर रंगाचा पापुद्राच सुटून आला, खाली पिवळट जुनी लांबी. कंपनीचा रंग असा निघत नाही. म्हणजे आधीच्या मालकाच्या काळात हा पत्रा कधीतरी ठोकला होता, भरला होता आणि वरून रंगवला होता. विकत घेताना हे यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

मी फ्रिजवरचं एक चुंबक मागवलं. कागदात गुंडाळून, ओरखडा पडू नये म्हणून, पत्र्यावरून फिरवलं. दारावर ते टपकन चिकटत होतं. चाकाच्या वर, तळहाताएवढ्या दोन जागी, हात सोडला की घसरून खाली पडत होतं. तिथे लांबीचा थर इतका जाड की चुंबकाला लोखंड जाणवतच नव्हतं. कमानीच्या आतल्या बाजूला टॉर्च मारला तर काठाला गंजाची तपकिरी रेघ होती.

हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण. फिल्म गंज थांबवत नाही. काठातून किंवा आतून ओल शिरत राहिली तर फिल्मखालीही गंज वाढतो, आणि वरून काही दिसत नसल्याने कळतं तेव्हा पत्र्याला भोक पडलेलं असतं. पहिला रॅप टिकला असता तर नुकसान जास्त झालं असतं.

आणखी एक बारीक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली होती. दाराच्या तळाशी पाणी बाहेर जायला लहान छिद्रं असतात. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथून ठिबकतं. फिल्म आत दुमडताना त्यांनी मागच्या दाराची दोन छिद्रं झाकून टाकली होती. पावसाळ्यात ते दार आतून पाण्याने भरलं असतं.

कोणते पर्याय होते

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो.

सगळी बाजू गॅरेजमध्ये करून घ्यायची हा सरळ मार्ग होता आणि मी तोच आधी मांडला. प्रशांतचं म्हणणं होतं की बावीसशे तर गेलेच आहेत, आता एकवीस हजार एकदम काढणं जमणार नाही. तुकड्या-तुकड्याने जमेल.

आहे तसं सोडून द्यायचं हा पर्याय मेघाने विचारला. पुढच्या दाराबाबतीत तो चालण्यासारखा होता, कारण तिथे ओरखडे फक्त वरच्या क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात होते. नख फिरवून पाहिलं तर नख अडकत नव्हतं. पण उघडा पत्रा आणि गंजलेली कमान तशीच ठेवून जूनमध्ये पावसात न्यायची, हे मला पटत नव्हतं.

तिसरा पर्याय, चांगली कास्ट फिल्म आणून पुन्हा सगळं झाकायचं. प्रशांतचा ओढा याकडे होता. मी स्पष्ट सांगितलं की फिल्म रंगाची जागा घेऊ शकते, पत्र्याच्या दुरुस्तीची नाही. पन्नास मायक्रॉनची कातडी खालचा प्रत्येक खड्डा तसाच्या तसा दाखवते. ग्लॉस फिल्म तर रंगापेक्षाही उघडपणे दाखवते, कारण तिच्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वाकडं होतं आणि डोळा तिथेच जातो.

मग चौथा मार्ग निघाला. पत्र्याचं काम पत्र्याच्या माणसाकडे, घासणं-भरणं जिथे झेपेल तिथे घरी, आणि शेवटी रॅप.

रंगाचा प्रश्न वेगळा. पांढरी फिल्म लावून जुळवता येईल का, असं दोघांना वाटत होतं. बारा वर्षांच्या जवळ आलेल्या पांढऱ्या रंगाशेजारी नवी पांढरी फिल्म लावली की जुना भाग पिवळट दिसतो. प्रशांतला लष्करी हिरवा आवडायचा. देवळाली कॅम्पच्या रस्त्याने येता-जाता तोफखान्याच्या गाड्या दिसतात, त्यातून आलेली आवड. तो रंग चालणार नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 121 ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांसाठी राखून ठेवतो. संपूर्ण गाडीचा रंग बदलायचा तर आरसीवर लिहिलेला रंग आणि गाडी यांत फरक पडतो, आणि मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 लागतं. म्हणजे आधी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन रीतसर नोंद. म्हणून गाडी पांढरीच ठेवायची आणि दोन्ही बाजूंच्या दारांच्या हँडलखालून जाणाऱ्या रेषेच्या खाली सॅटिन (कमी चकाकीचा) गडद राखाडी पट्टा द्यायचा, असं ठरलं. सॅटिनमध्ये प्रतिबिंब पसरट असतं, किरकोळ लाट झाकली जाते. हँडल रेषेच्या वर राहत असल्याने ती काढायचीही गरज नव्हती.

प्रत्यक्ष काम

चाकावरचा पत्रा सातपूरच्या एका मेस्त्रींकडे दिला. त्यांनी जुनी लांबी ग्राइंडरने काढली तेव्हा खाली गंजाची छोटी जाळी निघाली. "अजून एक पावसाळा गेला असता तर कापून नवीन तुकडा जोडावा लागला असता," ते म्हणाले. पत्र्याला वॉशर वेल्ड करून पोचा बाहेर ओढला, गंज घासला, इपॉक्सी प्रायमर दिला, पातळ लांबी, सरफेसर (रंगाआधीचा सपाट करणारा थर), आणि वर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, रंग व क्लिअर. सात हजार रुपये.

मागचं दार प्रशांतने घरी करायचं ठरवलं. इथे मी त्याला अडवायला हवं होतं का, यावर अजून विचार करतो. पोचा उथळ होता आणि त्याचे हात चांगले आहेत, म्हणून होकार दिला. लांबीत हार्डनर साधारण दोन टक्के घालायचा. थंडी म्हणून जास्त घातला तर लांबी ठिसूळ होते आणि वरचा रंग डागाळतो. 80 नंबरच्या पेपरने आकार, मग 180, मग 320, पेपर नेहमी लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. बोटांनी घासलं की बोटांच्या खाचा पडतात. तोंडाला एन-95 मास्क सक्तीचा.

लांबी घासल्यावर रंगाचा स्प्रे घरीच मारायचा त्याचा आग्रह होता. तो मी मानला नाही. टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची वाफ साध्या मास्कने अडत नाही, आणि एकदा त्याची दम्यासारखी अॅलर्जी जडली की माणसाला आयुष्यभर त्या कामापासून दूर राहावं लागतं. घरात लहान मुलगी, खाली बंद पार्किंग. डबीतला साधा स्प्रेही नको होता, कारण तो थर कच्चा असतो, थिनरच्या फडक्याने पुसला तर फडक्यावर येतो. फिल्म त्यालाच घेऊन निघते. शेवटी दारही मेस्त्रींकडे रंगवून घेतलं, अडीच हजारांत.

नवीन रंगावर लगेच फिल्म लावायची नसते. आतलं थिनर हळूहळू बाहेर पडत असतं, ते फिल्मखाली अडकलं की फुगे येतात. आम्ही चार आठवडे थांबलो. मग टेप टेस्ट घेतली. कडक चिकटपट्टी दाबून बसवायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीवर काही आलं नाही. तेव्हाच फिल्म मागवली.

फिल्मचं गणितही सांगतो. रोलची रुंदी 1.52 मीटर. पट्ट्याची उंची साठ सेंटिमीटर आणि पकडायला वर-खाली जादा धरून पंचाहत्तर. म्हणजे रोल मधोमध उभा कापला की एकाच तुकड्यात दोन्ही बाजू निघतात. साडेतीन मीटर लागत होती. प्रशांतने पाच घेतली. उरलेली पुढे उपयोगाला येणार आहे.

फेब्रुवारीचा मध्य. सकाळी अकराची वेळ, पत्रा हाताला कोमट लागत होता. पार्किंगच्या फरशीवर पाणी शिंपडून धूळ बसवली, दोन बाजूंना जुन्या चादरी बांधल्या. गाडी आदल्या दिवशी धुतली होती. डांबराचे ठिपके काढले, क्ले बार (रंगावरची चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी) फिरवला, दाराची बीडिंग गरम करून मासे धरायच्या तंगूसाने सोडवली आणि खालचा गोंद साफ केला. शेवटी सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसलं, विशेषतः काठांच्या आत.

वरच्या रेषेवर नाइफलेस टेप लावला. या टेपमध्ये बारीक धागा असतो. फिल्म बसल्यावर धागा ओढला की तोच फिल्म कापत जातो, ब्लेड रंगाला लागत नाही. रंगावर ब्लेडची चीर पडली की गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून नवख्या हातात ब्लेड देण्यापेक्षा हा खर्च मला महत्त्वाचा वाटतो.

पहिलं उजवं पुढचं दार घेतलं, जे धडधाकट होतं. हात तिथे बसला. फेल्ट लावलेली स्क्वीजी (फिल्म दाबून बसवायची पट्टी) मधून बाहेर फिरवायची, प्रत्येक फेर आधीच्या फेरीवर अर्धी चढवत. फिल्म ओढून ताणायची नाही, पत्र्यावर ठेवायची. सुरकुती आली की जोर न लावता उचलायची आणि पुन्हा ठेवायची.

चौथ्या तुकड्यावर, मागच्या डाव्या दारावर, मेघाला टॉर्चच्या तिरक्या उजेडात तीळाएवढा उंचवटा दिसला. काचेच्या रबरातून निसटलेला वाळूचा कण. प्रशांत दमला होता, म्हणाला राहू दे. तिने ऐकलं नाही. वीस सेंटिमीटर फिल्म उचलली, कण सुईच्या टोकाने काढला, पुन्हा पुसलं, पुन्हा बसवलं. पंधरा मिनिटं गेली. तो कण राहिला असता तर त्याच जागी फिल्म आधी फाटली असती.

काठ सात-आठ मिलिमीटर आत दुमडले, दारांच्या तळाची छिद्रं मोकळी ठेवली आणि शेवटी प्रत्येक काठ व वळण हीट गनने शंभर अंशांच्या जवळ नेऊन, इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासत, पुन्हा दाबलं. या गरम करण्याने फिल्ममधली ओढ मोडते. ही पायरी टाळली की काठ परत सुटतात.

काय निष्पन्न झालं

मे महिन्याचं ऊन आणि जूनचे पहिले पाऊस झाल्यावर गाडी पुन्हा पाहिली. मेस्त्रींनी केलेला चाकावरचा पत्रा एकदम स्वच्छ, चुंबक सगळीकडे पकडतं. पुढची दारं उत्तम. चाकाच्या कमानीवर दोन सेंटिमीटर काठ उचलला गेला होता. वॉशिंग सेंटरवर प्रेशर गन जवळून मारल्याचा परिणाम. गरम करून दाबला, बसला.

मागच्या डाव्या दारावर मात्र संध्याकाळच्या तिरक्या उन्हात एक मोठं वर्तुळ दिसतं, ताटाएवढं. प्रशांतने भरलेल्या लांबीचा काठ. हात फिरवला तर लागत नाही, डोळ्याला लागतो.

खर्च मी त्यांच्यासोबत बसून मांडला. वाया गेलेली पहिली फिल्म 2,200, मेस्त्री 7,000 आणि 2,500, लांबी-पेपर वगैरे 1,400, कास्ट फिल्म 10,800, नाइफलेस टेप व स्क्वीजी 1,300. एकूण 25,200. गॅरेजने सांगितलेल्या एकवीस हजारांपेक्षा जास्त. यात दोन्ही बाजूंचा पट्टा आला आणि पैसे काही महिन्यांत विभागून गेले, हे खरं. पण स्वस्तात काम होईल म्हणून रॅपकडे वळणाऱ्याने हा आकडा पाहावा. बंपरचा कोपरा अजून तसाच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

चुंबक पहिल्या दिवशी फिरवायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम, आणि सप्टेंबरातच कळलं असतं की चाकावरचा पत्रा घरच्या कामाचा नाही. सेकंडहँड गाडीच्या बाबतीत तर कुठलीही फिल्म मागवण्याआधी चारी बाजूंनी हे करावं.

दाराच्या लांबीवर गाइड कोट द्यायला मी सांगितला नाही, ही माझी चूक. काळ्या स्प्रेचा हलका फवारा मारायचा आणि ठोकळ्याने घासायचं. खोलगट जागी काळं राहतं, उंच जागी जातं. तो ताटाएवढा काठ तेव्हाच दिसला असता. नुसत्या तळहातापेक्षा पातळ सुती कापड मध्ये धरून हात फिरवला तर लाट जास्त जाणवते, हेही त्याला नंतर दाखवलं.

चाकाच्या कमानीवर फिल्म आत वळवायची की काठाच्या चार मिलिमीटर अलीकडे थांबवायची, यावर मी वळवण्याच्या बाजूने होतो. आता थांबवीन. चिखल आणि पाण्याचा मारा तिथे सगळ्यात जास्त असतो.

आणि मेस्त्रींकडे दार रंगायला दिलंच होतं, तर लांबीही त्यांच्याकडूनच करून घ्यायला हवी होती. हजार-दीड हजार जास्त गेले असते. हे मी प्रशांतला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ दाराकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दिवाळीनंतर हे दार परत खोलू, दादा." उरलेली दीड मीटर फिल्म रोलवर गुंडाळून त्यांच्या माळ्यावर उभी ठेवली आहे. त्या एका दाराला ती पुरते.